पाच नंबरची चढाई

अप्पा, तुमचा आवाज माझ्याजवळ कुठेच नाही. फोटो आहेत, गुडघा जायच्या आधीचे, मांडीवर थाप मारून चढाईला निघालेले. जिल्ह्यात तुमच्यासारखा चढाई करणारा नव्हता, असं अजूनही लोक आईला सांगतात. पण गुडघा गेल्यावर ज्या आवाजानं तुम्ही पुढची वीस वर्षं रेडिओवरून कबड्डीचे सामने घराघरांत पोचवलेत, तो एकाही टेपवर राहिला नाही. थेट बोलायचं आणि ते हवेत जायचं. तुम्हांला जाऊन अठरा वर्षं झाली. हल्ली मला तुमची वाक्यं आठवतात, आवाज आठवत नाही. त्याची भीती वाटली म्हणून लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, हे ठाऊक आहे.

चढाई करणाऱ्याचा दम टिकेल तोवर सांगणाऱ्यानंही श्वास घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. ‘तो तिकडं कबड्डी कबड्डी करत जीव काढतोय, आपण मध्येच श्वास घेतला तर ऐकणाऱ्याला कळतं,’ म्हणायचात. त्याचा सराव आपल्या स्वयंपाकघरात चालायचा. मी पाटावर बसलेली आहे, आई परातीत भाकरी थापतेय, आणि तुम्ही दाराला टेकून, दुखरा पाय लांब करून एका दमात सांगताय: भाकरी उचलली, तव्यावर पडली, पाण्याचा हात फिरला, उलटली, आता निखाऱ्यावर, फुगतेय, अजून फुगतेय. आई मान वर न करता म्हणते, ‘बाद झाली. बसा आता जेवायला.’

मग तो सामना. मी सोळा वर्षांची, शाळेचा संघ पहिल्यांदाच राज्याच्या अंतिम फेरीत, आणि माइकपुढं तुम्ही. आज माझं नाव रेडिओवर येणार, असं मी मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. रेषेला लागून बसलेल्या एका माणसाच्या मांडीवर ट्रान्झिस्टर होता. चढाई करतानाही मला तुम्ही ऐकू येत होतात. बाकी सगळ्या मुलींची आडनावं घेत होतात, माझ्या वेळी मात्र ‘पाच नंबर’. पाच नंबर आत गेली, पाच नंबर परतली. शेवटच्या चढाईला एक गुण हवा होता. मी गडी टिपला, वळले, आणि मध्यरेषा हातभर राहिली असताना माझा दम थांबला. पंचांनी मला बाद दिलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, ‘माझं नाव का नाही घेतलं?’ तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, ‘माइकपुढं बसलं की माझं कुणी नसतं.’ थोड्या वेळानं म्हणालात, ‘दम वाढवायला हवा तुझा.’ मी म्हणाले, ‘हो. नाही पुरला.’ त्यानंतर मी कधी तुमची कॉमेंट्री लावली नाही, अप्पा. पुण्यात शिकत होते तेव्हाही नाही, नोकरी लागल्यावरही नाही. आवाज हरवला म्हणून आज रडते, पण तो ऐकण्याची किती वर्षं मी स्वतःच बंद करून ठेवली होती.

आता मी सिंगापुरात असते. वन-नॉर्थला ऑफिस, बुकित पंजांगला घर. तुमची नात इथल्या शाळेत फ्लॅग फुटबॉल खेळते. गेल्या शनिवारी सकाळी तिचा सामना होता. मैदानाच्या कडेला, वरून एलआरटीची छोटी ट्रेन जातेय अशा जागी मी उभी, आणि फोनवर सांगलीहून आई. तिला पडद्यावरचं हलतं चित्र सोसत नाही, म्हणाली, ‘तूच सांग काय चाललंय ते.’

मी सांगितलं की नात क्वार्टरबॅक आहे, पाठीवर सात नंबर. चेंडू आधी तिच्या हाती येतो, कुणाकडे फेकायचा ते तीच ठरवते. समोरच्यांनी चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो डाव तिथंच थांबतो.

‘म्हणजे धरायचं नाही, नुसती पट्टी ओढायची?’ आई म्हणाली. ‘पुचाट कबड्डी आहे की गं ही.’

मग सामना रंगला आणि मी सांगत सुटले. सात नंबरनं चेंडू घेतला, सात नंबर मागे सरली, डावीकडून एक मुलगी धावून येतेय, सात नंबर वाकली, सुटली, फेकला. नात माझ्या जवळच होती. पुढच्या डावाला उभी राहताना माझ्याकडे न बघता इथल्या ठसक्यात म्हणाली, ‘मम्मा, आय हॅव अ नेम, लाह.’

मी एकदम गप्प झाले. फोनमध्ये आई म्हणत होती, ‘अगं, काय झालं? बोल की. तू पण ह्यांच्यासारखीच.’

‘कुणासारखी?’

‘तुझ्या अप्पांसारखी. त्या फायनलला तू शेवटची चढाई करत होतीस ना, तेव्हा रेडिओ असाच गपकन बंद पडला. मला वाटलं सेल गेले. मी धावत जाऊन भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातले. तोवर तू बाद झाली होतीस. घरी आल्यावर हे म्हणाले, सेल चांगले होते, माझंच तोंड उघडेना. आणि वर मला बजावलं, पोरीला सांगू नको.’

उरलेला सामना मी कसा सांगितला, आठवत नाही. वीस वर्षांत कधी मध्येच श्वास न घेतलेले तुम्ही. संपल्यावर मी नातीला तिच्या नावानं हाक मारली. तिनं पाण्याची बाटली घेतली आणि ‘ओके, ओके’ म्हणाली.

एक गोष्ट मात्र एसटीत मी खोटी बोलले होते. दम पुरला नाही असं नव्हतं, अप्पा. दम होता. त्या माणसाच्या ट्रान्झिस्टरवरचा तुमचा आवाज मध्येच थांबला, आणि मला वाटलं, आता माझं नाव येणार. म्हणून मी ऐकायला थांबले.