आईंची जोडवी

रविवार, दिवेलागणीनंतर

दुपारी युरोपची तिकिटं काढली. आधी पॅरिस, तिथून ट्रेननं स्वित्झर्लंड, शेवटी रोम. फक्त प्रशांतचं आणि माझं. लग्नापासून आम्ही दोघं असे कुठे गेलोच नाही. आनंद व्हायला हवा होता.

सासूबाईंना यायचं होतं. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलंही. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून म्हटलं, आई, तिथं फार चालावं लागतं, तुम्हाला नाही जमायचं. मला वाटलं, विषय संपला.

आज संध्याकाळी त्या घामाघूम होऊन आल्या. साडीखाली पांढरे बूट! रोज आमच्या ले-आऊटमधल्या रस्त्यांवर फेऱ्या मारतात म्हणे. मी समजत होते, मंदिरात जातात.

"बुटात जोडवे रुतून राह्यले होते, म्हणून काढले," त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याले विचारलं आधी. ते म्हणे, काढ, जाऊन ये. आता चालता येते मले. पॅरिसले पुरन ना इतकं?"

जोडवी! ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नर्सशी भांडून पायात ठेवली होती त्यांनी. आणि मी काय म्हणाले? "हो आई, पुरेल." काऊन म्हटलं असं? प्रशांत तर मोबाईलमधून डोकं वर काढेना.

मग दिवा लावायला गेले. देवापुढे, निरांजनाच्याच जागेवर, हळदीकुंकू वाहून ती जोडवी ठेवलेली. सरकवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

दिवा आज खाली फरशीवर लावला.