तुझ्याच पद्धतीने काढलेला अंदाज

प्रिय ताई,

दर रविवारी संध्याकाळी तुझा फोन येतो आणि तू एकच विचारतेस, "किती पडतील रे त्याला?" मी आपला "अजून दोन पेपर होऊ देत, मग सांगतो" म्हणून वेळ मारून नेतो. आज सरावाचा शेवटचा पेपर तपासून झाला. तुझा लेक अंघोळीला गेलाय, आतून बेसूर गाणं चाललंय, आणि मी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसलोय. जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेलो असतो, तर दुसऱ्याच वाक्याला तू मला गप्प केलं असतंस. म्हणून पत्र.

त्याचे पेपर तपासताना मला सारखं आपलं ते अरुंद स्वयंपाकघर आठवतं. आतल्या खोलीत आई झोपलेली, बाबा कारखान्यात दुसऱ्या पाळीला, आणि तू एका हाताने कढईतले बटाटे परततेस, दुसऱ्या हाताने माझे पेपर तपासतेस. एकदा तेलाचा असा डाग पडला की माझं उत्तर बरोबर की चूक तेच कळेना. तू मोठ्या मनाने अर्धा मार्क दिलास, आणि मी उरलेल्या अर्ध्यासाठी जेवण होईपर्यंत भांडलो! अंदाज काढायची तुझी पद्धतही तिथलीच. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट पेपर बाजूला ठेवायचा, उरलेल्यांची सरासरी काढायची आणि त्यातून सात मार्क वजा करायचे. ते सात घाबरण्याचे. मी चिडून म्हटलं होतं, "मी काय घाबरट आहे?" तू म्हणालीस, "नाहीस रे. पण त्या हॉलमध्ये मी नसेन ना." दोनशेपैकी एकशे एकेचाळीस पडतील असं तू सांगितलंस आणि पडले एकशे त्रेचाळीस. निकाल घेऊन मी धावत घरी आलो, तेव्हा तू आईचे केस विंचरत होतीस. आधी वेणी पूर्ण केलीस, मग माझ्या पाठीत धपाटा घातलास.

त्या वर्षी त्या प्रवेश परीक्षेला तूही बसणार होतीस. तुझा अभ्यास माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होता. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आईचं दुखणं वाढलं आणि तू "मी बसेन पुढच्या खेपेला" असं इतक्या सहज म्हणालीस, की आम्हाला ते खरंच वाटलं. पुढे आई गेली, तुझं लग्न झालं, हा झाला, मग औषधाच्या दुकानातलं काउंटर आलं. तू परीक्षेचं नाव पुन्हा काढलं नाहीस आणि आम्हीही नाही.

आता चिरंजीवांबद्दल. तू त्याला माझ्याकडे अभ्यासाला पाठवलंस, तेव्हा तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसता पळत सुटायचा. आता थांबतो, पुन्हा वाचतो, पेन चावतो. रसायनशास्त्रात अडायचा, तेही बरंच सुटलं, आणि ते माझ्यामुळे नाही. तूच म्हणालीस ना, "प्रश्नपत्रिका मलाही पाठवत जा, मी सोडवून ठेवते, म्हणजे फोनवर त्याला समजावता येईल." तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद झाल्यावर तू पेपर सोडवतेस आणि फोटो काढून त्याला पाठवतेस. तुझ्या पद्धतीने काढलं, तर त्याला एकशे छप्पन्नच्या आसपास पडतील. त्याला हवा तो अभ्यासक्रम मिळेल. आज शांत झोप.

मात्र पत्र त्यासाठी नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी उत्तरं पडताळत होतो, तेव्हा हा म्हणाला, "मामा, आईचाही पेपर तपास ना, गंमत म्हणून." तपासला. मी हिशेब पुन्हा केला, मग याने केला, तरी तुझेच मार्क त्याच्यापेक्षा जास्त. त्यानंतर दर आठवड्याला तुझा पेपर आम्ही तुला न सांगता तपासतोय. भौतिकशास्त्रात तो तुझ्या पुढे आहे, बाकी सगळीकडे तू त्याला मागे टाकतेस, आणि तो ते शेजाऱ्यांनाही ऐकवत फिरतो. चांगला-वाईट पेपर बाजूला ठेवून, घाबरण्याचे सात वजा करून तुझे होतात एकशे अडुसष्ट. औषधनिर्माणाच्या पदवीला तेवढे पुरतात, उरतातही. वयाची अट नाही, मी स्वतः जाऊन विचारून आलोय. भाऊजींशीही बोललो. ते म्हणाले, "दुकानाच्या मालकांशी मी बोलतो, तू तिला तयार कर." उशिराचं शुल्क भरून नाव नोंदवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. नाहीच म्हणायचं असेल, तर ते तुझ्या लेकाला सांग, मला नको. तो म्हणतोय, आई बसणार असेल तर केंद्रावर तिच्याबरोबरच जाईन, कारण तिला एकटीला भीती वाटेल. ताई, भीती त्यालाच वाटतेय. तू ये.

तुझाच,
ढब्बू