डोणगाववर थांबलेलं विमान

डोणगाव, ३ नोव्हेंबर १९४९

आज एकदाचा रुजू झालो. वऱ्हाडात बदली म्हटल्यावर पुण्यात आईनं कपाळाला हात लावला होता, पण जागा झकास आहे. गावाबाहेर उकंडराव नावाच्या शेतकऱ्याच्या ज्वारीला लागून पत्र्याची खोली, तारांचा उंच खांब, आत वायरलेसचं यंत्र. विजेचं इंजिन चालवायला गावातलाच शकील. त्यानं घरून तरीदार भाजी न् भाकरी आणली. घाम फुटेपर्यंत जेवलो.

काम सोपं. मुंबईहून निघालेली विमानं नागपूरवर एकदमच पोचतात, उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या घालतात आणि सगळ्यांनाच उशीर होतो. म्हणून ती इथंच अडवायची. वैमानिक विचारतो, पुढे जाऊ? तिकडे जागा असेल तर 'जा' म्हणायचं, नाहीतर 'थांबा'.

७ नोव्हेंबर

वैताग! दुपारी एक विमान सारखं विचारतं, 'डोणगाववर आहोत. पुढे जाऊ?' नागपूर म्हणतं, असं विमान निघालेलंच नाही. बाकीच्या वैमानिकांनाही ते ऐकू येतं, आणि समोर कोणीतरी आहे म्हणून तेही पुढे सरकत नाहीत. सगळा खोळंबा, आणि शिव्या मला. नागपूरच्या साहेबांनी तर यंत्रावरून विचारलं, की दुपारची घेतोस का.

९ नोव्हेंबर

पुन्हा तेच. चिडून बाहेर आलो. आकाश स्वच्छ, घरघर मात्र डोक्यावर. उकंडरावांचे बैल चरायचे थांबले होते. माना वर करून सगळे एकदमच हळूहळू वळत होते. मग ज्वारीवरून पंखांची सावली सरकली. वर काहीच नव्हतं.

उकंडराव शांतपणे म्हणाले, 'थे तं रोजच फिरून राह्यलं. पह्यल्या बाबूनं त्याले थांब म्हटलं, अन् जाय म्हनाचं राहूनच गेलं. तेल सरलं, पडलं थे तिकडं टेकड्याईत.' पहिला बाबू म्हणजे माझ्या आधीचे रंगराव. मला आधी का नाही सांगितलंत, म्हणून ओरडलो. म्हणाले, 'तुमी इचारलं कुठं?'

साहेबांना कळवायला गेलो. त्यांनी अर्ध्यातच तोडलं.

११ नोव्हेंबर

आज तंबी मिळाली. खोळंबा झाला तर घरी बसा. कोणी ऐकूनच घेत नाही! शेवटी दुपारी त्या आवाजाला म्हणालो, जा बाबा, जा एकदाचं पुढे. मग नुसतं 'आभार'. सावली पूर्वेला निघून गेली. मागची विमानं सोडायला घेतली. पहिल्याच वैमानिकानं कळवलं, की समोर एक विमान दिसतंय, त्याच्या मागं मागं जातो. बरं, म्हणालो.

ते मागचं विमान नागपूरला पोचलंच नाही. संध्याकाळी टेकड्यांवर धूर दिसला.

१२ नोव्हेंबर

ज्वारीवर दोन सावल्या. यंत्रात दोन आवाज. दुसरा कालच्या वैमानिकाचा, ओळखला मी. पुढे जाऊ, विचारतोय. त्याच्यामागं बायकांचे, पोरांचे आवाज — माणसं होती त्यात — मीच सोडलं —

१३ नोव्हेंबर

सगळ्यांना रोखलंय. मुंबईला परत फिरा म्हणतोय. साहेब ओरडताहेत, सोड म्हणून. नाही सोडणार. काय डोकं फोडून घेऊ, म्हणजे कळेल यांना?

दुपारी

विमानं पुढे जाताहेत. मी सोडलेली नाहीत. कान लावून ऐकलं, तर यंत्रात माझाच आवाज. जा, म्हणतोय. माझं तोंड मिटलेलं —

शकीलनं इंजिन बंद केलं. बॅटरीच्या तारा उपटल्या. दारात उभा राहून म्हणाला, 'साहेब, मशीन तं मेली. मंग तुमी अजून कायले बोलून राह्यले?' मी बोलत नव्हतो. तो पळाला.

तोंडात रुमाल कोंबलाय. लिहितोय, कारण हात अजून माझा आहे. मेलेल्या यंत्रातूनच एक वैमानिक विचारतोय, समोरच्या दोघांच्या मागं जाऊ ना — आणि आवाज त्याला किती मायेनं — त्याला कोणीतरी सांगा, तो मी नाही, तो नुसता माझा