बाभळीवरचे करकोचे आणि भगवंतरावांचा सत्कार

साखरखेर्डा
५ फेब्रुवारी २०२५

ति. मोठेबाबांना मयुरीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन केला की तुम्हीच बोलता आणि मी ऐकते, म्हणून पत्र. बाबांचा गुडघा बरा आहे, मोठ्या भावाला कळव म्हणाले.

तेवीस तारखेच्या रविवारी आमची पक्षी पाहण्याची स्पर्धा आहे. दिवसभर पोरींच्या टोळ्या तलावाभोवती फिरतील. जितक्या प्रकारचे पक्षी दिसतील तितक्या पटीत देणगीदार पैसे देईल. ग्रामपंचायत तलावातल्या बाभळी जळणासाठी लिलावात काढते आहे, आणि त्यांवर करकोच्यांची घरटी आहेत, पिल्लं आहेत. लिलावाएवढे पैसे भरा, बाभळी ठेवतो, असं सरपंचबाई म्हणाल्या.

देणगीदार एकच मिळाला, कृषी केंद्रवाले भगवंतराव. आधी म्हणाले की चिमणी-कावळा पक्ष्यांत धरू नका. मग म्हणाले की त्याच दिवशी तलावाच्या पाळीवर माझा सत्कार ठेवा, डीजे मी आणतो. डीजे वाजला तर पक्षी सोडा, बेडूकही थांबणार नाहीत. शेवटी बाजारचौकात सत्काराला कबूल झाले, पण भाषण तुमचंच पाहिजे म्हणतात. ज्या तोंडानं मले तीस वर्षं लबाड म्हटलं, त्याच तोंडानं कौतुक ऐकाचं हाय, असं म्हणाले.

तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक आहे. तरी विचारते.

लोभ भरपूर ठेवा, राग थोडा कमी ठेवा.
तुमची मयुरी


दुसरबीड
९ फेब्रुवारी

चि. मयुरीला मोठेबाबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी असा ओरडलो की मोठीआई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. न उगवणारं बियाणं विकून माणसांना दुबार पेरणी करायला लावणारा हा माणूस. त्याच्या गळ्यात मी शब्दांचे हार घालायचे? भर सभांत नाव घेऊन मी त्याला सोललाय. त्याच्यात तसूभर फरक पडला नाही, ही गोष्ट वेगळी. मोठीआई म्हणाली की मग तीस वर्षं बोंबलून तुम्ही काय उपटलं.

काल कोणाला न कळवता तलावावर येऊन गेलो. एक करकोचा भर उन्हात पिल्लांवर पंख धरून उभा होता, दुपारभर. समोर एकही श्रोता नसताना इतका वेळ उभं राहणं मला जमलं नसतं.

येतो. पण काय बोलायचं ते मी ठरवीन, आणि माझ्या हातातला माईक कोणी ओढायचा नाही.

माया आहेच, अधूनमधून तुझ्याकडूनही कळू दे.
प्रेमानंद


साखरखेर्डा
२ मार्च

ति. मोठेबाबांना सप्रेम जयभीम, वि. वि.

सत्तरच्या वर प्रकारचे पक्षी दिसले. कावळाही धरला, आणि भगवंतरावांनी तितक्या पटीत पैसे भरले. तुम्ही चौकात सगळं गाव बसवून ठेवलंत, त्यामुळे तलावाकडे कोणी फिरकलं नाही.

तुमचं भाषण मला ऐकता आलं नाही, त्याचे परिणाम मात्र रोज बघते आहे. न उगवलेलं बियाणं भगवंतराव हसतमुखानं बदलून देतात, असं तुम्ही म्हणालात म्हणे, आणि त्यांनी स्टेजवर मान डोलावली. दुसऱ्या सकाळी दुकानासमोर रांग, पुढे दुबार पेरणी करावी लागलेली तानाबाई, हातात पावती. नाही म्हणावं तर ती डोलणारी मान अख्ख्या गावानं पाहिलेली. बाभळींना हात लावणाऱ्याला ते आडवे जातात, असंही तुम्ही सांगितलंत. सरपंचबाईंनी तिथेच लिलाव कायमचा रद्द केला आणि झाडांचे राखणदार म्हणून त्यांचं नाव जाहीर केलं.

काल ते घरी आले होते. चहाही घेतला नाही. तुम्हाला निरोप आहे: प्रेमानंदले म्हणा, पहिल्यासारख्या शिव्याच देत जाय. मले त्या परवडत होत्या.

आता तरी तब्येतीला जपा. लोभ आहे, तो टिकवा.
मयुरी


दुसरबीड
६ मार्च

चि. मयुरीला आशीर्वाद.

भगवंतरावांना सांग, माझा नाइलाज आहे. मी खरं बोलायचो तेव्हा लोक चहाला उठून जायचे. त्या दिवशी चार तास थापा मारल्या, तर एक माणूस जागचा हलला नाही. या वयात असे श्रोते मिळाले की सोडवत नाहीत. मोठीआई म्हणते की आता कुठं तुम्हाले बोलता येऊन राह्यलं.

एप्रिलात आमच्याकडे सभा आहे. पिल्लं उडून गेली की स्वखर्चानं तलावाचा गाळ काढणारे दानशूर, अशी मी त्यांची ओळख करून देणार आहे. हे त्यांना कळवू नकोस. एवढंच सांग की पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे आणि भाषण पुन्हा त्यांच्यावरच आहे.

येतील.

असाच जीव लावत जा.
प्रेमानंद