गाडी ठेवजो

१२ सप्टें., शुक्रवार
स्टँडसमोरच्या गतिरोधकावर आज परत गाडीचं पोट घासलं. तिरपी घातली, हळू घातली, तरी करकर झालीच. रसवंतीच्या बाकावर चौघे बसले होते, चौघांच्या माना वळल्या. एकाने नेहमीचं विचारलं, "किती देते हो?" म्हणालो, लिटरला आठ. "आमची म्हैस याच्याहून जास्त देते," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, न हसून करतो काय.

पुण्यातली नोकरी गेली, लग्न मोडलं, फ्लॅट मृणालकडे राहिला. माझ्या वाट्याला ही दोन सीटची पिवळी स्पोर्ट्स कार. जानेवारीत हिला घेऊन डोणगावात आलो तेव्हा बाबांनी हिच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बेंडूक आणलं काय रे?" तेव्हापासून घरात तिचं नाव बेंडूक.

१५ सप्टें.
दोन घरांचे नकाशे काढून दिले. एकाला संडास ईशान्येला नको, दुसऱ्याला जिना कुठेच नको पण वरचा मजला हवा. पंधरा वर्षं पुण्यात काचेच्या इमारती काढल्या, त्याचं हे फळ.

आई आजही मोजकंच बोलली. जेवतं काय. दिवा लाव. मे महिन्यापासून असंच चाललंय. आधी वाटलं, एप्रिलमध्ये बाबा गेले त्याचं दुःख आहे. पण शेजारच्या काकूंशी तासभर बोलते, भाजीवालीशी भांडते. माझ्यापुरतीच मुकी.

१९ सप्टें.
आईला मेहकरला डोळे दाखवायला न्यायचं होतं. गाडी पुसून दारात लावली. ती बाहेर आली, पाहिलं, पदर खोचला आणि चालत स्टँडकडे निघाली. मागे पळालो. म्हणाली, "त्याच्यात बसलं त उठाले दोन माणसं लागतात. मी यष्टीनं जातो." गेलीसुद्धा. मी मागून गाडी घेऊन गेलो. एसटी पुढे आणि मी मागे, मेहकरपर्यंत एसटीचा धूर खात.

बाबांच्या मागे तीस वर्षं बसली. बाबा गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते, पण गावोगावी त्यांना डॉक्टरच म्हणत. मोटरसायकलवर, म्हणजे मो.सा.वर, पुढे औषधांची पेटी, मागे आई एका बाजूला पाय सोडून. तेव्हा कमरेचं काही म्हणाली नाही.

२० सप्टें.
मो.सा. विषयी एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मेहकरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. आई उशाशी होती, मी पायाशी. म्हणाले, "गाडी ठेवजो. इकजो नको." मी हो म्हटलं. त्यांचं शेवटचं वाक्य ते. मला नवल वाटलं होतं, आनंदही झाला होता. जन्मभर ज्याला काही माझं पसंत पडलं नाही, त्याने जाताना माझी गाडी मला ठेवायला सांगितली. पोराची हौस जपू दे, असं काहीतरी त्यात होतं असं मी धरलं.

आणि ठेवली. मृणालचा वकील, पुण्याचे मित्र, सगळे म्हणत होते विकून मोकळा हो. नाही विकली. शेडमध्ये जागा एकीचीच, म्हणून मे महिन्यात बाबांची मो.सा. सुलतानपूरच्या शोभा सिस्टरला देऊन टाकली. आरोग्य उपकेंद्रात आहेत, लसींचा डबा घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरतात. बरं घर मिळालं असं वाटलं. आई त्या वेळी दारात उभी होती. काही बोलली नाही.

लिहून टाकलं. डोक्यातून गेलं नाही.

२४ सप्टें.
पिवळीची बॅटरी उतरली. ढकलायला माणसं गोळा करावी लागली. "साहेब, पुण्याची हवा लागते तिले," असं एक जण म्हणाला.

२ ऑक्टो., दसरा
आज झालं ते तसंच लिहितो.

सकाळी पिवळी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली ठेवायला चार लिंबं आणली. आई पूजेचं ताट घेऊन शेडमध्ये आली. मला बरं वाटलं, म्हटलं, सणाच्या दिवशी तरी. ती पिवळीच्या बाजूने आत गेली, भिंतीपर्यंत. तिथे खिळ्याला बाबांचा पाना टांगलेला आहे, खाली हवा भरायचा पंप. पान्याला हळदकुंकू लावलं, पंपाला लावलं, दोन्हींना फूल वाहिलं, ओवाळलं. वळली आणि निघाली.

मी म्हणालो, "आणि गाडीला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "गाडी कुठी हाय?" म्हणाली.

मी पिवळीकडे बोट केलं. आई म्हणाली, "थे फोरव्हीलर हाय. गाडी तू सुलतानपूरले देऊन टाकली."

पिवळीच्या बॉनेटला टेकून उभा राहिलो. इतकं साधं. इथे गाडी म्हणजे मोटरसायकल, दुसरं काही नाहीच. गाडी काढ, गाडी पुस, गाडीवर आला, गाडीवरून पडला. चार चाकांची ती फोरव्हीलर. मीही हेच बोलत मोठा झालो. पुण्यात कचेरीतल्या लोकांची गाडी म्हणजे कार, बाकी सगळी टू-व्हीलर. पंधरा वर्षांत कधी बदललं ते कळलंही नाही. बाबांनी जन्मात पिवळीला गाडी म्हटलं नव्हतं. बेंडूक म्हटलं होतं. शेवटच्या घटकेला बेंडकासाठी मास्क काढतील?

आईला म्हणालो, "मला वाटलं, बाबा हिच्याबद्दल बोलले."

तिने ताट खाली ठेवलं. "पंधरा वरीस पुण्यात राह्यला त आपली बोली बी तिकडंच ठेवून आला काय?"

"खरंच कळलं नाही, आई."

"आता म्हणून राह्यला." शांतपणे म्हणाली, रागाने नाही, तेच जास्त लागलं. "मी तठीच होती. तू हो म्हटलं. महिना नाही झाला त देऊन टाकली. मले वाटलं, याले बापाची चीज नको. तुही मर्जी. मी काऊन बोलू?"

पाच महिने ती असं समजत होती, की मी मरणाऱ्या बापाला तोंडावर हो म्हणून पाठीमागे त्याचा शब्द मोडला. अजूनही तसंच समजते. मी बहाणा करतोय असं तिला वाटतं. तिच्या जागी मीही हेच समजलो असतो.

सोनं द्यायला कुणाकडे गेलो नाही.

३ ऑक्टो.
एक गोष्ट काल लिहायची टाळली.

सतरा वर्षांचा असताना न विचारता मो.सा. काढली होती आणि लोणारच्या रस्त्यावर पाडली. पेटी फुटली, औषधं वाहून गेली, टाकीला पोचा पडला. बाबांनी मारलं नाही. किल्ली खिशात ठेवली आणि "तुह्या हातची नाही थे" एवढं म्हणाले. त्यानंतर चोवीस वर्षं ती किल्ली मला दिली नाही. मागायची माझीही छाती झाली नाही.

म्हणजे बोलीचा दोष अर्धाच. अर्धं असं, की बाबा मला गाडी देतील हे माझ्या मनातच येऊ शकत नव्हतं. ते देत होते आणि मी दुसरीच घेतली.

५ ऑक्टो., रविवार
सुलतानपूर. पिवळी उपकेंद्रापर्यंत जाईना, नाल्याजवळ ठेवून चालत गेलो.

शोभा सिस्टर अंगणात मो.सा. पुसत होत्या. मागे लसींच्या डब्यासाठी पट्टीचं कॅरिअर लावलंय. टाकीचा पोचा तसाच. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगायला सुरुवात केली, "तुमच्या बाबायनं मले लय ताप दिला बाप्पा. वस्तीवर गेलो की गाडीचा आवाज आयकून म्हाताऱ्या बाया गाई सोडून आणतात. डाकतरसायेब आले म्हणतात. मी म्हणतो, बाई, मी माणसायची आहो." हसता हसता त्यांनी पदराने आरसा पुसला.

मग सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य, माझी चूक, आई. लाज वाटत होती, पण सांगितलं. सिस्टरनी हातातलं फडकं सीटवर ठेवलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "गाडीच म्हणले ना? मंग त्याच्यात कळाले काय राह्यलं?" इथे कुणालाच माझी चूक समजत नाही. चूक करायलाही पुण्याला जाऊन यावं लागतं.

"परत द्याल का?" विचारलं.

"मी कायनं जाऊ मंग? स्कूटीचं चाक लहान, या रस्त्यानं चालत नाही. मले अशीच उंच गाडी लागते."

म्हणालो, नवी आणून देतो. त्यांनी नाल्याच्या दिशेने पाहिलं, पिवळीचं टप दिसत होतं. "थे इकान तवाच ना?" बरोबर ओळखलं. दुसरं आहे काय माझ्याकडे. मी हो म्हणालो. म्हणताना नजर पिवळीकडे वळली, ते त्यांना दिसलं असावं. म्हणाल्या, "आधी इका, मंग बोलू. अन् चालवता येते ना तुमाले?"

किल्ली हातात दिली. चालवायला म्हणून, चोवीस वर्षांनी. सहा किका मारल्या तेव्हा सुरू झाली. गिअर टाकला, क्लच सुटला, गाडी उडाली आणि बंद पडली. दोन्ही पायांनी कशीबशी सावरली. परत तेच. तिसऱ्या वेळी सिस्टरनी हँडल धरलं आणि मला हाताने खाली उतरवलं, लहान पोराला उतरवतात तसं.  हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ ऑक्टो.
आईला सांगितलं, गाडी परत आणायचं बघतोय. "पाय," म्हणाली, म्हणजे बघ, आणि तांदूळ निवडत राहिली.

८ ऑक्टो.
पिवळीचे फोटो टाकले, दुपारपर्यंत सतरा फोन. बहुतेकांना फक्त बसून बघायचंय. जालन्याचा एक खरा वाटतो, रविवारी सकाळी येतो म्हणाला.

दुपारभर तिच्यात बसून होतो, शेडमध्ये, इंजिन बंद. सीटला अजून पुण्याचा वास आहे. ही दारात आहे तोवर गावाला वाटतं, हा काही दिवसांसाठी आलाय, परत जाईल. मलाही तसंच वाटतं. ही गेली की मी नोकरी गेलेला, बायकोने सोडलेला, संडासाची दिशा काढून देणारा. मो.सा. चालवताही न येणारा. बाबांनी मागून मागून हेच मागावं?

त्यांना एकदाच विचारायचं होतं, चोवीस वर्षं दिली नाही, मग आता का? आणि द्यायचीच होती तर नीट सांगायचं. "माझी मोटरसायकल तुझ्याकडे ठेव." एक शब्द जास्त लागला असता. राग येतोय. मेलेल्या माणसावर राग काढायची सोय नसते.

१० ऑक्टो.
सिस्टरचा फोन. "घरच्यायले गाडीची सवय झाली हो. सासूबाई म्हणतात, डाकतरची गाडी हाय, लक्षुमी हाय, देऊ नको. मी पायतो. नक्की काही सांगत नाही."

म्हणजे पिवळी जाईल आणि मो.सा. येईलच असं नाही. दोन्हीकडून हात रिकामे. आणि रविवारी नाही म्हटलं तर जालन्याचा परत येणार नाही, सिस्टरही माझ्या शब्दावर परत विश्वास ठेवणार नाहीत.

आईला हे सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आता म्हणून राह्यला.

११ ऑक्टो., शनिवार
जालन्याचा फोन आला, "उद्या दहाला येतो, गाडी तयार ठेवा." त्याची गाडी म्हणजे ही. फोन स्पीकरवर होता, आई ओसरीवर बसून ऐकत होती. हो म्हणालो.

शेडमध्ये गेलो तर पिवळीच्या बॉनेटवर काहीतरी ओलं वाळत घातलेलं. जवळ जाऊन पाहिलं. मो.सा.च्या सीटचं कव्हर. आईने बाबांच्या जुन्या पँटीचं शिवलं होतं, मागची बाजू तिच्या बसण्याने झिजलेली. मे महिन्यात मो.सा. दिली तेव्हा तिने ते काढून ठेवलेलं असणार. मला माहीतही नव्हतं. दाबून धुतलेलं, पाणी बॉनेटवरून ओघळून नंबरप्लेटवर येत होतं.

आई मागून आली. कव्हर उलटं केलं, हाताने सपाट केलं, कोपऱ्यांवर चार खडे ठेवले, वाऱ्याने उडू नये म्हणून. पिवळ्या रंगावर खडे. 

जाता जाता थांबली. मे महिन्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून तिने काहीतरी विचारलं.

"उद्या गाडी येऊन राह्यली, का जाऊन राह्यली?"