निळ्या दोरीचं ठिगळ

प्रिय ठोंब्या,

हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय. फोनवर माझा आवाज चढतो, तू ठेवून देतोस आणि सांगायचं ते राहून जातं. बायको फोन का उचलत नाही, असं तू तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी म्हटलं, फोन बिघडलाय. बिघडलेला नाही. ती छकुलीला घेऊन माहेरी गेलीय, आज बारावा दिवस. का गेली ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे. एकदम शेवटाकडे उडी मारू नकोस.

तू जगभरच्या फुटबॉल स्टेडियममध्ये खुर्च्या बसवत फिरतोस, हे मी अख्ख्या गल्लीला ऐकवलंय. दर पंधरवड्याला फोटो यायचे. एक स्टेडियम समुद्राला टेकलेलं, एक डोंगरात, गोलच्या खांबांवर बर्फ, एकाचं तर छप्परच उघडझाप करणारं. छकुली खूश. मी मात्र पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून बघत होते. एवढाले फोटो, पण एकातही तू नाहीस? मैदान नेहमी रिकामं, वेळ नेहमी दुपारची. व्हिडिओ कॉल म्हटलं की तुझं नेट गेलेलं. पोर बापाच्या तोंडाला तरसतेय आणि हे महाशय खुर्च्यांचे फोटो पाठवतायत! माझ्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय?

मग तो फोटो आला. समुद्रापलीकडचं कुठलंसं जुनं स्टेडियम, लाल खुर्च्या आणि समोर गोलची जाळी. मी आधी जाळीच पाहिली. एकतीस वर्षं इथल्या स्टेडियमच्या जाळ्या सांधल्या, सवय जाते होय? फोटो बोटांनी ताणून मोठा केला. वरच्या कोपऱ्यात निळ्या दोरीचं ठिगळ! सामना दुसऱ्या दिवशी आणि पांढरी दोरी संपलेली, म्हणून मीच लावलेलं. गाठीही माझ्याच. मी डावखुरी, त्यात शेवटी एक वेढा जास्त देते, त्यामुळे टोक उलटीकडे जातं. आमच्या कामात गाठ म्हणजे सही. खुर्च्या इथल्यासारख्या नव्हत्या, पण खुर्च्या काय, बदलता येतात. म्हणजे मैदान इथलंच, तू घरापासून चार थांब्यांवर, आणि आम्हाला परदेशाच्या थापा मारतोयस.

तडक स्टेडियमवर गेले. गेटवरचा वॉचमन नवा, आत सोडेना. वर म्हणाला, आत खुर्च्या बदलायचं काम चालू आहे. झालं! फटीतून पाहिलं तर हेल्मेट घातलेला एक जण पाठमोरा, अगदी तुझ्यासारखा एक खांदा पाडून चालणारा. दोन तास उभी राहिले, मेला वळला म्हणून नाही. तुझे वडीलही कामासाठी परगावी जातो म्हणून गेले आणि दोन गल्ल्या सोडून राहत होते. तू लहान होतास, विसरला असशील. मी नाही विसरले. घरी आले आणि सूनबाईला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली.

परवा स्टेडियमवरचा आमचा जुना स्टोअरकीपर रजेवरून परतला. त्याला फोटो दाखवला तर हसतच सुटला. जुन्या जाळ्यांचे गठ्ठे बांधून क्लबने त्या दोन वर्षांपूर्वीच परदेशातल्या छोट्या क्लबांना देऊन टाकल्या म्हणे. मी इथेच आणि माझी जाळी विमानाने गेली! त्याने मला आत नेऊन त्या हेल्मेटवाल्यासमोर उभं केलं. पन्नाशीचा, मिशीवाला, भला माणूस. माझी अवस्था बघून त्याने मला बसायला खुर्ची दिली.

आता खरं लिहिते. सूनबाईने गाठींचं ऐकलं, खांद्याचं ऐकलं आणि हसून भाजी चिरत राहिली. म्हणाली, आई, त्यांना साधी डोकं दुखल्याची थाप जमत नाही. एवढा विश्वास मला आयुष्यात कुणावर टाकता आला नाही, आणि तिचा मला बघवला नाही. म्हणून मी म्हटलं, तोंड पाहिलंय त्याचं, या डोळ्यांनी, आणि सोबत बाई होती. बाई कुठली आणि तोंड कुठलं! एक पाठ पाहिली होती मी. तिच्या हातातली सुरी तशीच राहिली. तिच्या माहेरी दोनदा जाऊन आले, ती बाहेर आली नाही. तोंडी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी पोराला पाठीशी घालतेय. म्हणून हेच पत्र शब्दन्‌शब्द उतरवून तिलाही टाकलंय. ती फोन उचलेल, तेव्हा तू तिला विचारशील की माझ्याबद्दल असलं काही तुला पटलंच कसं. नको विचारूस. सात वर्षांत मी तिच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते, म्हणून पटलं.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
आई