चकाकते फळे

३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

श्रमदानाहून परतल्यापासून माझे खांदे दुखतात आणि तोंड बंद होत नाही, असं आई म्हणते. मी शिक्षिकेचा अभ्यासक्रम सोडून बँकेच्या परीक्षेला बसणार होते, हे तिने तुला कळवलंच असेल. काय करू? सरावपाठात मी लिहायला वळले की मागे बाजार भरतो. पण रविवारी आमच्या गटाने तुझ्या शाळेचे सगळे फळे रंगवले आणि वाटलं, आपण इथलेच. दुकानदार मातकट काळा देत होता. मीच हट्टाने चकाकणारा घेतला. मुलांना आवडले का? सविस्तर लिही.

तुझ्या मायेची हक्कदार,
भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फळे मुलांना फार आवडले. मुली त्यात बघून वेण्या घालतात. सातवीतला एक जण मिसरूड फुटलं का ते रोज पाहतो. मुख्याध्यापकांनी काल भांग पाडला. मी सध्या तोंडी शिकवण्यावर भर दिला आहे. भूमितीही तोंडीच, काटकोन कोपर वाकवून दाखवते. घसा बसला आहे, हवेमुळे असेल.

ताईला म्हणावं, पोरीला बँकेत घालायची घाई नको.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
मावशी


१४ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गटाला वाचून दाखवलं. सगळ्यांना स्फुरण चढलं. येत्या रविवारी आणखी दोन शाळांचे फळे घेतोय. तोच रंग, डबे आणून ठेवले. कोपराची भूमिती आमच्या बाईंना सांगितली. त्यांनी मला ती पुन्हा एकदा सांगायला लावली. बँकेचा फॉर्म मी फाडला.

भिंगरी


१६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

डबे उघडू नकोस. त्या फळ्यांवर खडू उमटत नाही, घसरतो. तुला तसं कळवलं तर तू बँकेची वाट धरशील, म्हणून गप्प बसले. एक शिक्षिका टिकवायला अख्खी शाळा बिनफळ्याची ठेवली. आणखी दोन ठेववत नाहीत. रागाव, पण उत्तर पाठव.

मावशी


२१ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावले होते. मग हसू आलं. आम्ही सगळे उद्याचे शिक्षक. फळ्यासमोर उभं राहून फोटो काढले, पण रंग वाळल्यावर कुणी खडू टेकवून पाहिला नाही. दुकानदाराने डबे बदलून दिले. तो हसला नाही, ते जास्त लागलं. रविवारी घासकागद घेऊन येतोय. सातवीपासून सुरुवात करू.

फॉर्म आईने डिंकाने जोडून ठेवलाय. माझं अजून ठरत नाही. फळा काय, घासून निघेल. मागच्या बाजाराचं काय करू?

भिंगरी


२४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सातवीचा फळा अर्धाच घासायचा. काल मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, तर शेवटच्या बाकावरचे दोघे त्यात खाताना दिसले. मी न वळता म्हटलं, डबा बंद करा. वर्ग असा चिडीचूप झाला की मलाच भीती वाटली. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा धाक बसला नव्हता.

रविवारी राहायलाच ये. सोमवारी सातवीचा पहिला तास तुझा. अर्ध्या फळ्यावर लिही. उरलेल्या अर्ध्यात सगळी दिसतील.

येताना खडू आण. माया आहेच, ती मागावी लागत नाही.
मावशी